बायोस फाइल नेमकी कशाला लागते? (जुनं प्लेस्टेशन, इंदूर)

तिळकनगरची_सई
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आमचं पहिलं प्लेस्टेशन खाली आलं. करडं, चौकोनी, काकांनी ९८-९९ च्या सुमारास दुबईहून आणलेलं. मागच्या लेबलवर एससीपीएच-७५०२ लिहिलंय. चालू होतं, सुरुवातीचा तो आवाज येतो, पण सीडी नुसती फिरते, वाचत नाही. जेल रोडला एका दुकानात दाखवलं तर म्हणाले लेन्स गेली, पार्ट मिळत नाही, आता टाकून द्या. मला टाकवत नाही. दादा आणि मी शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्याच्यासमोर काढल्यात आणि दादा यंदा सहा वर्षांनी भाऊबीजेला घरी येतोय.

म्हणून ठरवलं की लॅपटॉपवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकायचा. डिस्क आमच्या स्वतःच्या आहेत, सहा, त्यांच्या बिन-क्यू फाइली (डिस्कच्या प्रती) मीच ड्राइव्हवर काढल्या, तिथपर्यंत सगळं नीट झालं. मग डकस्टेशन टाकला तर तो म्हणे बायोस नाही, पुढे जाताच येईना. रेट्रोआर्कमधला पीसीएसएक्स टाकला तर तो बायोसशिवाय चालला, पण सुरुवातीचा लोगो नाही, आवाज नाही, आणि एक गेम सेव्ह करताना अडकून बसतो.

तर प्रश्न असा की ही बायोस फाइल म्हणजे असतं काय? एकाला लागते आणि दुसऱ्याला नाही, असं का? आमच्या भाच्याच्या मोबाइलवर ते जुने कॅसेटवाले गेम आहेत, त्यांनी कधीच काही मागितलं नाही. आणि सरळ मार्गाने ती मिळवायची कुठून?

गराडू_प्रेमी
ताई, नेटवर शोधा, पहिल्याच पानावर मिळेल. सगळे तेच करतात. दोन मिनिटांचं काम आहे.

संपादक
बायोस किंवा गेमच्या डाउनलोडची लिंक इथे कोणी देऊ नये, दिल्यास उडवली जाईल. बाकी चर्चा मोकळेपणाने करा, विषय छान आहे.

लष्करवाला
गराडूभाऊ, हेच दोन मिनिटांचं काम मी ग्वाल्हेरला हॉस्टेलवर असताना केलं होतं. बायोस पॅक म्हणून झिप उतरवली, आत एक सेटअप फाइल होती, केली डबल क्लिक. त्या रात्री लॅपटॉपमधल्या सगळ्या फाइलींची नावं बदलली आणि उघडेनात. एम.एस्सी.चं प्रोजेक्ट त्यातच होतं, मार्गदर्शकांना ईमेल केलेला जुना मसुदा सापडला म्हणून निभावलं, बाकी दीड महिन्याचं काम परत केलं. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, बायोस ही कधीही चालवायची फाइल नसते, नुसता डेटा असतो. पहिल्या प्लेस्टेशनचा बायोस बरोब्बर ५१२ केबीचा असतो. आत एक्झी दिसली की तिथेच डिलीट करा.

सोल्डरवाला_काका
सईताई, प्रश्न एकदम मूळचा विचारलात, जरा सविस्तर लिहितो.

कन्सोलच्या बोर्डावर एक रॉम चिप असते, तिच्यात कंपनीने कारखान्यातच भरलेला प्रोग्रॅम असतो. बटण दाबलं की प्रोसेसर सगळ्यात आधी तो वाचतो. तुमच्या मशीनमध्ये तो ५१२ केबीचा आहे. त्यात सुरुवातीचा लोगो आणि आवाज आहे, डिस्क न घालता चालू केलं की दिसणारा मेमरी कार्डाचा आणि सीडी प्लेयरचा मेनू आहे, आणि मुख्य म्हणजे एक छोटं कर्नल, म्हणजे गेमला लागणारी मूळ कामं करून देणारा गाभा, आहे. लोकांना वाटतं लोगो दाखवला की बायोसचं काम संपलं. तसं नाही. मशीनची रॅम २ एमबी, त्यातले पहिले ६४ केबी हे कर्नल स्वतःसाठी अडवून ठेवतं आणि गेम चालू असेपर्यंत तिथेच बसलेलं असतं. गेमला कार्डावर सेव्ह करायचंय, मेमरी मागायचीय, एखादी घटना घडायची वाट बघायचीय, तर तो ए-झिरो, बी-झिरो आणि सी-झिरो अशा तीन ठरलेल्या पत्त्यांवर उडी मारतो आणि सोबत नंबर देतो, की मला अमुक नंबरचं काम करून दे. ते काम बायोस करतो.

आता इम्युलेटर लिहिणाऱ्यापुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स सगळं हुबेहूब उभं करायचं आणि त्यावर खरा बायोस चालवायचा. डकस्टेशन आणि बीटल हे असे आहेत, म्हणून ते फाइल मागतात. दुसरा रस्ता म्हणजे गेमने त्या पत्त्यावर उडी मारली की तिला मध्येच पकडायचं, नंबर बघायचा आणि ते काम आपल्याच कोडने करून परत पाठवायचं. याला हाय-लेव्हल इम्युलेशन म्हणतात. तुमच्या पीसीएसएक्सने तेच केलं. खरा बायोस चाललाच नाही, तर लोगो कुठून येणार? आणि मूळ बायोसचं वागणं एखाद्या बारीक जागी जमलं नाही की त्यावर भरवसा ठेवणारा गेम अडकतो, आणि ते बहुतेक कार्डाच्या कामातच होतं. तुमची सेव्हची अडचण मला त्यातलीच वाटते.

नारायणबाग_९०
काका मस्त समजावलंत. पण मग भाच्याच्या कॅसेटवाल्या गेमला का नाही लागत? त्या बिचाऱ्यांनाही चालू तर व्हायचंच असतं ना. आमच्याकडे ती ९९९९ गेमवाली कॅसेट होती, फुंकर मारून बसवायची, त्यात वेगळे गेम वीसेकच होते पण आम्ही ९९९९ मोजायला बसलेलो.

सोल्डरवाला_काका
त्या मशीनमध्ये बायोस नसतोच. चालू झाल्यावर प्रोसेसर थेट कॅसेटच्या रॉममधून सुरुवातीचा पत्ता वाचतो आणि तिथून पळायला लागतो. सगळी अक्कल कॅसेटमध्येच. म्हणून कॅसेटची पितळी टोकं नीट टेकली नाहीत की पडद्यावर नुसता कचरा दिसायचा, तक्रार करायलाही मध्ये कोणी नाही. जपानमध्ये त्याच मशीनला फ्लॉपीसारखी डिस्क लावायचा जोड निघाला, त्याला मात्र ८ केबीचा बायोस लागला. सीडी, फ्लॉपी असं काही आलं की ते वाचणार कोण हा प्रश्न येतो, आणि ते वाचायला मशीनमध्ये आधीपासून काहीतरी असावं लागतं. सेगाची सीडी जोड, सॅटर्न, ड्रीमकास्ट, सगळ्यांचं असंच.

गणिताच्या_बाई
काकांच्या बोलण्यात भर घालते. गेमबॉय कॅसेटवाला असूनही त्यात २५६ बाइटचा बूट रॉम आहे. २५६ बाइट म्हणजे या प्रतिसादातल्या एका ओळीइतकं! तेवढ्यात तो आवाज तयार ठेवतो, वरून खाली सरकणारा लोगो दाखवतो आणि एक फार हुशारीचं काम करतो. तो लोगो कॅसेटमधून वाचलेला असतो, आणि बूट रॉम आपल्याजवळच्या प्रतीशी तो ताडून बघतो. एक बिट जरी वेगळा असला तरी मशीन तिथेच थांबतं. कॅसेट नसताना काळी पट्टी खाली सरकते, कारण तिथे वाचायला काही नसतं. आठवीच्या मुलांना मी हे उदाहरण नेहमी देते, एवढ्याशा जागेत माणसाने किती विचार बसवलाय म्हणून. मुलं अगदी गप्प बसून ऐकतात.

गराडू_प्रेमी
बाई हे भारी आहे, माहीत नव्हतं. पण माझा मुद्दा तोच आहे. वीस-पंचवीस वर्षं जुनी चिप, कंपनी तो कन्सोल बनवत नाही, विकत नाही. सईताईंकडे मशीन आहे, डिस्क आहेत, सगळ्याचे पैसे दिलेत. मग तीच ५१२ केबी दुसरीकडून घेतली तर कोणाचं काय नुकसान झालं? मनापासून विचारतोय.

कोर्टाची_पायरी
बडोद्याहून. मी वकिली करते, म्हणून एवढं सांगते, बाकी ज्याचा त्याचा निर्णय. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२ आहे. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमविषयी काही सवलती दिल्यात. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला ती नष्ट होण्याच्या भीतीने बॅकअप काढता येतो. १९९९ च्या दुरुस्तीने अजून भर पडली, की स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, धंद्यासाठी नाही तर स्वतःच्या वापरासाठी प्रत काढणं हे उल्लंघन नाही. माझ्या वाचनाप्रमाणे शब्द महत्त्वाचे आहेत, ‘स्वतः मिळवलेल्या प्रतीवरून’. सईताईंनी त्यांच्या चिपमधून काढलेली प्रत यात बसते. कोणीतरी साइटवर टाकलेली प्रत उतरवणं, भले बाइट न् बाइट सारखी असो, यात बसवायला मला तरी जागा दिसत नाही. गराडूभाऊ, नुकसान कोणाचं हा तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर वाद व्हायला हवा. पण सईताईंनी सरळ मार्ग विचारलाय, आणि त्यांच्यापुरता तो आहे.

राजवाडा_टू_रामबाग
पण कॉम्प्युटरमध्ये पण बायोस असतो ना, एफ-टू दाबलं की निळी स्क्रीन येते तो? तो तर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून कोणीही उतरवतो. मग याचंच एवढं काय?

सोल्डरवाला_काका
नाव तेच, काम थोडं वेगळं. आजच्या कॉम्प्युटरचा बायोस विंडोज उठवतो आणि बराचसा बाजूला होतो, कन्सोलचा बसून राहतो. आणि कंपनीने स्वतः साइटवर ठेवला तर उतरवायला काहीच हरकत नाही. प्लेस्टेशन ३ चा इम्युलेटर आहे ना, आरपीसीएस३, त्याला लागणारं फर्मवेअर, म्हणजे मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर, सोनीच्याच साइटवर अपडेट म्हणून मिळतं, तिथून घ्या असंच ते लोक सांगतात.

पण कॉम्प्युटरची गोष्ट काढलीत म्हणून सांगतो, हा झगडा तिथूनच सुरू झालाय. आयबीएमचा पीसी १९८१ ला आला, त्यातले बाकी सगळे पार्ट बाजारात मिळणारे, आयबीएमचा स्वतःचा म्हणावा असा होता तो बायोस. कॉम्पॅकने काय केलं, एका टीमने तो अभ्यासून त्याचं वागणं लिहून काढलं आणि दुसऱ्या टीमने, जिने मूळ कोड पाहिलाच नव्हता, त्या वर्णनावरून नवा लिहिला. आज आपल्या घरोघरी जे कॉम्प्युटर आहेत ते त्यामुळे. प्लेस्टेशनचं असंच एक प्रकरण झालं. कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने १९९९ मध्ये मॅकवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा व्हर्च्युअल गेम स्टेशन काढला, सोनी कोर्टात गेली. अभ्यास करताना कनेक्टिक्सने सोनीचा बायोस कॉपी केला होता, पण विकलेल्या प्रोग्रॅममध्ये सोनीची एक ओळ नव्हती. २००० मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने सांगितलं की अभ्यासासाठी केलेली ती मधली कॉपी योग्य वापरात बसते. नंतर सोनीने तो प्रोग्रॅमच विकत घेतला. मी तेव्हा इथल्या एसजीएसआयटीएस कॉलेजात शिकत होतो, आम्ही ही बातमी कॅन्टीनमध्ये वाचून तासभर बोलत बसलेलो. लोकांनी मेहनतीने लिहिलेल्या ओपन बायोसचाही पर्याय आज आहे, तो याच वाटेवरचा.

नारायणबाग_९०
अजून एक. सईताईंचं मशीन दुबईचं म्हणजे पाल, युरोपकडच्या टीव्ही पद्धतीचं. पालचा बायोस असला की अमेरिकन डिस्क चालत नाहीत, बायोसच लॉक करतो असं ऐकलंय. आमच्याकडे तर चिप बसवून घेतलेली, त्याशिवाय साध्या सीडी चालायच्याच नाहीत.

सोल्डरवाला_काका
नाही, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटं बसलंय. खऱ्या मशीनमध्ये ते कुलूप सीडी ड्राइव्हच्या कंट्रोलरमध्ये होतं. डिस्कच्या अगदी आतल्या भागात ट्रॅक मुद्दाम डगमगता बनवायचे, त्या डगमगण्यात चार अक्षरं लपवलेली. जपानला एससीईआय, अमेरिकेला एससीईए, युरोपला एससीईई. घरच्या रायटरला तसा ट्रॅक लिहिताच येत नाही, म्हणून कॉपी चालायची नाही. तुमची चिप काय करायची, तर कंट्रोलरला ती अक्षरं आपणच ऐकवायची. मी अशा पन्नासेक बसवल्या असतील, पाच-सहा बारीक तारा.

पालमुळे फरक पडतो तो वेगाचा. पाल ५० हर्ट्झ, अमेरिकन ६०. काही कंपन्यांनी गेम पालसाठी नीट जुळवला नाही, तो सहावा हिस्सा हळू पळतो, संगीतसुद्धा रेंगाळतं. तो गुण डिस्कचा, बायोसचा नाही.

सेवउसळ_बडोदा
आमच्याकडे प्लेस्टेशन २ आहे. पीसीएसएक्स२ तर बायोसशिवाय हलतच नाही, त्याचा बायोस ४ एमबीचा. त्या मशीनची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट बायोसमध्येच आहे. चालू करताना अंधारात ते उंच-ठेंगणे खांब दिसतात ना, ते शोभेचे नाहीत. तुम्ही कुठले गेम किती वेळा खेळलात त्याची नोंद मेमरी कार्डात असते, त्यावरून ते खांब वाढतात. कार्ड काढून चालू करा, मैदान मोकळं. हे कळलं त्या दिवशी मी बायकोला बोलावून दाखवलं.

अवांतर : गराडूभाऊ, थंडीत इंदूरला येतोय, गराडू सराफ्यात खायचे की छप्पनला?

गराडू_प्रेमी
सराफा, रात्री दहानंतर, वरून जीरावन आणि लिंबू भरपूर मारायला सांगा. आलात की कळवा, सोबत येतो.

आणि वकीलताई, पटलं. मी आजवर त्यावर विचारच केला नव्हता.

तिळकनगरची_सई
बापरे, एका दिवसात केवढं लिहिलंत, सगळं दोनदा वाचलं. खांबांचं वाचून मला दुसरीच गोष्ट सुचली. आमच्या मेमरी कार्डावर दादाची आणि माझी सगळी सेव्ह आहेत, शेवटची २००३ ची असावीत. डिस्क न घालता चालू केलं तर ती अजून दिसतात, प्रत्येक गेमचं ते छोटं हलणारं चित्र. म्हणजे काका म्हणतात तो मेनू बायोसमधलाच ना? मला खरं तर तोच पडदा दादाला दाखवायचाय. मग मला खराच बायोस हवा, आणि आमच्याच मशीनमधला. पण लेन्स गेलीय, डिस्क चालत नाही, तर काढणार कसा? चिप उखडावी लागेल का?

सोल्डरवाला_काका
अजिबात उखडू नका! लेन्स नको, डिस्क नको. तो मेमरी कार्डाचा मेनूच दरवाजा आहे.

फ्रीपीएसएक्सबूट नावाची एक युक्ती आहे. कार्डावर खास बनवलेला डेटा लिहायचा, मशीन डिस्कशिवाय चालू करायचं, मेमरी कार्डाच्या मेनूत शिरायचं. बायोस कार्ड वाचायला जातो आणि त्याच्यातल्या एका चुकीमुळे कार्डावरचा प्रोग्रॅम चालू होतो. तिथून युनिरॉम नावाचा छोटा प्रोग्रॅम उठवायचा आणि मागच्या सिरीयल पोर्टमधून बायोस लॅपटॉपवर ओढायचा. तुमच्या ७५०२ ला तो पोर्ट आहे. ५१२ केबी जायला मिनिटभर लागतं.

तीन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून. जुन्या कार्डावर काहीही लिहायचं नाही, त्या युक्तीसाठी दुसरं कार्ड घ्या, नाहीतर सेव्ह गेलीच. बायोसच्या आवृत्तीप्रमाणे आणि स्लॉटप्रमाणे कार्डावर लिहायची इमेज (फाइल) वेगळी असते, ती बघून घ्या. आणि सिरीयलची केबल ३.३ व्होल्टची हवी, ५ ची लावली तर पोर्ट जळू शकतो. कार्ड वाचायला-लिहायला माझ्याकडे आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, आहे, सात तारांचं काम. आधी तुमच्या जुन्या कार्डाची प्रत काढू, मग बाकीचं. संपादकांकडून नंबर घ्या, मी रामबागेतच राहतो. मशीन टॉवेलात गुंडाळून आणा, स्कूटरवर डिकीत आपटू देऊ नका.

लष्करवाला
सईताई, झालं की इथे नक्की लिहा. अर्धवट सोडलेले धागे फार त्रास देतात.

तिळकनगरची_सई
झालं!! आज वसुबारस, सकाळी काकांकडे जाऊन आले. काकूंनी पोहे-जलेबी खाल्ल्याशिवाय मशीन उघडूच दिलं नाही.

आधी जुन्या कार्डाची प्रत काढली, १२८ केबी, काकांनी ती दोनदा वाचली आणि दोन्ही जुळतात का पाहिलं. मग दुसऱ्या कार्डावर ती इमेज. पहिल्या वेळी मशीन मेनूतच अडकलं, मला वाटलं संपलं. काकांनी शांतपणे कार्ड काढून टोकं पुसली, दुसऱ्या आवृत्तीची इमेज लिहिली, आणि पडद्यावर युनिरॉम आला. बायोस बरोब्बर ५,२४,२८८ बाइट. डकस्टेशनच्या बायोस फोल्डरमध्ये टाकला तर त्याने नाव न बघता, आतला डेटा बघून आपोआप ओळखला. आणि लॅपटॉपमधून तो आवाज आला. काका म्हणाले परत लावा. तीनदा लावला.

मग कार्डाची प्रत इम्युलेटरला जोडून तोच मेनू उघडला. पंधराच्या पंधरा ब्लॉक भरलेले, सगळी चित्रं जागच्या जागी हलतायत. जो गेम पीसीएसएक्समध्ये सेव्ह करताना अडकायचा तोही नीट सेव्ह होतो. काकांनी मशीनचं झाकण काढून लेन्सची रूळपट्टीही साफ केली, म्हणाले लेन्स बदलायचं नंतर बघू, पण मशीन टाकायचं नाही.

गणिताच्या_बाई
वाचून डोळे भरून आले. बायोसच्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक कुठेतरी वेगळी ठेवा. चिप आज चालतेय, उद्याचं सांगता येत नाही.

तिळकनगरची_सई
ठेवलीय बाई, दोन ठिकाणी.

भाऊबीजेचं पण लिहून जाते. ओवाळून झाल्यावर दादाला काही न सांगता टीव्हीला लॅपटॉप लावला. आवाज ऐकून आतल्या खोलीतून भाचा धावत आला, आणि दादा उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जमिनीवर बसला, तेव्हा बसायचा तसा. कुठला गेम लावू विचारलं तर म्हणाला थांब, आधी कार्ड दाखव. पंधरापैकी अकरा ब्लॉक त्याचे आणि चार माझे. मी २००१ पासून सांगतेय की हे बरोबर नाही. आता कार्डाच्या प्रती हव्या तितक्या काढता येतात, तरी त्याने त्याच कार्डातले दोन ब्लॉक मला मोकळे करून दिले. मूळ कार्डाला आम्ही हात लावलेला नाही.

सेवउसळ_बडोदा
व्वा सईताई! काका, मी डिसेंबरात येताना माझा प्लेस्टेशन २ घेऊन येऊ का? त्याचा बायोस काढायचा राहिलाय, आणि खांबांचं कार्ड पण सोबत आणतो.

सोल्डरवाला_काका
जरूर आणा. त्याला सिरीयल वगैरे नको, यूएसबी आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ करून आणा, आणि मॉडेलचा नंबर आधी इथे लिहा, लेबल मशीनच्या मागे असतं. रविवारी सकाळी या, दुपारी लाइट जाते.